चढावर बसावं की उठावं?

यवतमाळ शहर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर. जिल्ह्याच्या उत्तर-पूर्वेच्या कडेने वर्धा नदी जाते, दक्षिणेच्या कडेने पैनगंगा, आणि दोन्हीकडे जमीन उतरत जाते. पूर्वेकडची वणी यवतमाळच्या जवळपास निम्म्या उंचीवर आहे. त्यामुळे शहरातून बाहेर पडणाऱ्या सायकलवाल्याला बहुतेक दिशांना जाताना उतार मिळतो आणि परतताना, नेमका थकलेला असताना, चढ समोर येतो. धामणगावच्या रस्त्यावरचा करळगाव घाट, आर्णी-महागाव रस्त्यावरचा कोसदनी घाट, पुसदहून वाशीमकडे जाताना लागणारा खंडाळा घाट ही मोठी नावं झाली. त्यांच्याखेरीज प्रत्येक तालुक्यात बिननावाचे कितीतरी चढ आहेत. त्या चढांवर रोज एकच प्रश्न सुटत असतो, आणि तो सोडवणारी माणसं त्याला प्रश्न म्हणतही नाहीत: सीटवर बसून पायडल मारावं, की उठून उभं राहावं?

हे चढ एकसारखे नाहीत. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातले टणक थर उभ्या कड्यासारखे टिकले आणि ठिसूळ थर झिजून सपाट झाले. म्हणून इथला डोंगर टप्प्याटप्प्याने चढतो. दोन-तीनशे मीटर छाती भरून येईल असा चढ, मग थोडी सपाटी, मग पुन्हा चढ. हिमालयात किंवा आल्प्समध्ये तासन्‌तास एकाच गतीने चढावं लागतं, तसं इथे क्वचितच घडतं. बसणं की उठणं याबद्दल युरोपातल्या सायकलपटूंनी लिहिलेले नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्याचं पहिलं कारण हे.

मोठे रस्ते मात्र हा डोंगर बराच गुळगुळीत करून देतात. चढ मोजायची रीत सोपी आहे. शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर आलो, तर तो पाच टक्क्यांचा चढ. सपाट आणि हलक्या चढउताराच्या मुलखात रस्त्याचा चढ शक्यतो ३.३ टक्क्यांच्या आत ठेवावा, ५ टक्के ही मर्यादा मानावी आणि अगदी नाइलाज असेल तिथे ६.७ टक्क्यांपर्यंत जावं, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. खड्या डोंगराळ भागात ही शेवटची मर्यादा ८ टक्क्यांपर्यंत जाते. हा हिशेब भरलेल्या ट्रकसाठी केलेला असला तरी त्याचा फायदा सायकललाही होतो. पण शिवारात जाणारी वाट, तांड्यावर किंवा कोलाम वस्तीवर, म्हणजे पोडावर, जाणारा मुरमाचा रस्ता हे निकष विचारून काढलेला नसतो. तिथे दहा-बारा टक्क्यांचा तुकडा सहज लागतो.

आता सायकल बघू. गावोगाव चालणारी काळी सायकल म्हणजे २८ इंची चाकं, दांडीचे ब्रेक, मागे मजबूत कॅरियर आणि एकच गिअर. वजन वीस-बावीस किलो. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. त्याच फेऱ्यात पाऊल मात्र एक मीटरहून किंचित जास्त अंतर कापतं, कारण क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, १७० मिलिमीटरची असते. पाऊल एक मीटर फिरतं आणि सायकल पाच मीटर जाते, म्हणजे सायकलला पुढे न्यायला जेवढा जोर लागतो त्याच्या पाचपट जोर पायडलवर द्यावा लागतो. सपाटीवर हे सुखाचं असतं. चढावर हाच गुणाकार अंगावर येतो.

साठ किलोचा माणूस आणि बावीस किलोची सायकल घ्या. पाच टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण मागे ओढतं सुमारे चार किलोच्या जोराने, टायर आणि छर्ऱ्यांचं घर्षण आणखी पाऊण-एक किलो. एकूण पाच. पायडलवर त्याचे होतात पंचवीस किलो, पण ही झाली सरासरी. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असतं तेव्हा दाबूनही काही मिळत नाही, त्यामुळे क्रँक आडवी असताना सरासरीच्या दीडपटीहून थोडा जास्त जोर द्यावा लागतो, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. बसून हे जमतं, जड जातं एवढंच. चढ आठ टक्क्यांचा झाला की हाच आकडा साठच्या घरात पोचतो. साठ किलो म्हणजे त्या माणसाचं अख्खं वजन.

सगळ्या वादाची गाठ इथे आहे. सीटवर बसलेला माणूस पायडल खाली दाबतो तेव्हा पायडलही त्याला तेवढ्याच जोराने वर ढकलतं. हा जोर त्याच्या वजनाइतका झाला की सीटवर काही भार उरतच नाही, तो आपोआप सीटवरून उचलला जातो. बसून राहायचं तर त्याला हातांनी हँडल ओढून स्वतःला खाली दाबून धरावं लागतं. म्हणजे काळ्या सायकलवर चढावर उठणं ही खुबी, सवय किंवा जोश यांतलं काही नाही. ते गणिताने ठरलेलं आहे. कॅरियरला दुधाचे दोन कॅन लावून यवतमाळकडे येणारा दूधवाला घ्या. चाळीस किलोचा भार वाढला की पाच टक्क्यांच्या साध्या महामार्गी चढावरच तो या सीमेवर येऊन पोचतो. त्यापुढे त्याच्याकडे दोनच वाटा असतात, उठून दाबायचं किंवा उतरून लोटत न्यायचं. त्याने कुठे उतरायचं हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठरवलेलं असतं, आणि आपण कागदावर काढलेल्या उत्तराच्या जवळपास तेच असतं. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

वेगाचीही एक अडचण आहे. तब्येतीने ठीक असलेला माणूस बराच वेळ टिकवू शकेल अशी ताकद शंभर-सव्वाशे वॅट धरली, तर पाच टक्क्यांच्या चढावर काळी सायकल ताशी आठ-नऊ किलोमीटरने चालते. त्या वेळी पायडलचे फेरे मिनिटाला पंचवीसच्या आसपास पडतात. सरावाचा सायकलपटू सपाटीवर ऐंशी-नव्वद फेरे मारतो. पंचवीस फेऱ्यांत पायडल वरच्या आणि खालच्या टोकाला इतकं रेंगाळतं की तेवढ्यात सायकलचा वेग पडतो, आणि पुढचा दाब पुन्हा उभारी देण्यातच जातो. उभं राहिल्यावर अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर झुकतं, तेव्हा हा मेलेला क्षण ओलांडायला मदत होते.

आपल्या गावांकडे सायकल शिकण्याची रीतही इथे आठवते. बापाची सायकल उंच, पोराचे पाय सीटवरून पायडलला पोचत नाहीत. मग पोरगं आडव्या दांडीच्या खालून पाय घालतं, एक हात हँडलला, दुसऱ्या हाताची काख सीटवर किंवा दांडीवर, आणि कैची मारत सुटतं. पुढे दांडीवर, त्यानंतर कधीतरी सीटवर. म्हणजे आपल्याकडचा सायकलवाला आधी उभ्याने शिकतो आणि बसणं त्याला नंतर येतं. लहानपणी दुसरा मार्गच नसल्यामुळे तोल, हातांचा खेच आणि पायांचा दाब यांचा मेळ त्याच्या अंगात भिनलेला असतो. शहरात गिअरची सायकल घेऊन चाळिशीत सुरुवात करणाऱ्यांना चढावर उठल्यावर तोल का जातो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. त्यांनी तो भाग कधी गिरवलेलाच नसतो.

उभं राहिल्यावर नेमकं काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. उजवं पायडल दाबताना उजवा हात हँडल वर ओढतो. तसं केलं नाही तर पायाच्या दाबाने सायकल उजवीकडे कलंडेल. या ओढीमुळे सायकल थोडी डावीकडे झुकते आणि उजवं पायडल अंगाच्या बरोबर खाली येतं. पुढच्या दाबाला उलट. सायकल अशी डोलत राहते, डोकं मात्र जवळपास सरळ रेषेत पुढे जातं. पाठ, खांदे, दंड सगळे कामाला लागतात. नितंब सीटवरून सुटल्यामुळे कंबर आणि गुडघा अधिक उघडतात आणि पाय पूर्ण लांबीने दाबू शकतो. सर्वांत जास्त जोर पडण्याची जागाही खाली सरकते: बसल्यावर तो क्रँक आडवी असताना पडतो, उभ्याने त्याच्याही नंतर, पायडल बरंच खाली गेल्यावर.

एक समज इथे मोडायला हवा. उभं राहिलं की अंगाचं वजन फुकट कामाला येतं, असं बरेच जण सांगतात. ते पुरतं खरं नाही. जिना चढताना वरच्या पायरीवर वजन टाकलं म्हणून आपण वर जात नाही, ते वजन पायाने उचलावं लागतं. सायकलवरही अंग पायडलबरोबर खाली येतं तेवढंच पुन्हा वर न्यावं लागतं, आणि ते काम दुसरा पाय करतो. उभं राहण्याचा फायदा निराळा आहे. एका क्षणी मोठा जोर देता येतो, आणि तो जोर देण्यात जास्त स्नायू वाटेकरी होतात. खर्च माफ होत नाही, तो जास्त ठिकाणी वाटला जातो.

हा खर्च प्रयोगशाळेत मोजला गेला आहे. झुकवलेल्या ट्रेडमिलवर सायकल चालवून घेतली आणि श्वासातला ऑक्सिजन मोजला, तेव्हा १९९६ च्या एका अमेरिकन अभ्यासात चार टक्क्यांच्या चढावर उभ्याने ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके दोन्ही जास्त निघाले. दहा टक्क्यांच्या चढावर मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि उभ्याने पाय कमी दुखतात असं चालवणाऱ्यांनी सांगितलं. २००८ मध्ये हॅन्सन आणि वाल्डेलँड या संशोधकांनी दहा टक्क्यांच्या चढावर तयारीचे सायकलपटू दमेपर्यंत चालवले. आपल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ९४ टक्क्यांपर्यंत बसून राहणं परवडतं, त्याच्या वरचा जोर लावायचा असेल तर उभं राहणारा जास्त टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या भाषेत सांगायचं तर श्वास तोंडाने सुरू होऊन बोलणं बंद पडेपर्यंत बसा, त्यापुढे उठा. हे सगळे प्रयोग गिअरच्या सायकलींवर झाले, हे विसरू नये. दूधवाल्याला ही निवडच मिळालेली नव्हती.

ती निवड युरोपातल्या शर्यतवाल्यांनाही फार काळ नव्हती. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलण्याला कडवा विरोध होता. गिअर हे वय झालेल्यांचं साधन, शर्यतीत माणसाचे स्नायू दिसले पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या विरुद्ध बाजूला सेंत-एत्येन शहरातले पॉल द विव्ही होते, ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारे, गिअरसाठी आयुष्य वेचलेले. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली, तेव्हा मार्थ एस ही सायकलस्वार तीन गिअरच्या सायकलवर बसून एका नावाजलेल्या पुरुष शर्यतपटूच्या पुढे राहिली. त्याच्याकडे एकच गिअर होता. तरीही टूर द फ्रान्समध्ये आजच्यासारखे गिअर यायला १९३७ साल उजाडावं लागलं. तोवर मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चाकं असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक सोडायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा चढायला लागायचं. त्या काळचे फोटो पाहिले की चढावरचा प्रत्येक जण उभा, हँडलवर ओणवा झालेला दिसतो. करळगाव घाटातल्या काळ्या सायकलवाल्याची आणि त्यांची देहबोली एकच आहे, कारण गणित एकच आहे.

गिअर आला की चित्र बदलतं. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची जोडी लावली तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच जाते. दहा किलोच्या सायकलवर तोच साठ किलोचा माणूस आठ टक्क्यांचा चढ चढला, तर क्रँक आडवी असतानाचा जोर वीस किलोच्या आसपास येतो. वजनाचा एक तृतीयांश. आता तो खुशाल बसू शकतो. उभं राहणं त्याच्यासाठी गरज उरत नाही, ते हाताशी ठेवलेलं साधन बनतं. मग माणसागणिक पद्धती दिसायला लागतात. १९९८ मध्ये इटली आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या मोठ्या शर्यती जिंकणारा मार्को पांतानी हँडलचा खालचा भाग धरून, उभा राहून हल्ले चढवायचा. २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर ख्रिस फ्रूमने सीटवरून न उठता पायडलं इतकी भराभर फिरवली की अल्बेर्तो काँतादोर मागे पडला. पांतानी आणि फ्रूम, दोघंही चढाचे बादशहा, रीत उलटी.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पाचशेच्या आसपास मीटर उंची चढावी लागते. एवढ्या लांबीच्या घाटात उभ्यानेच जाऊ म्हणणारा वर पोचेपर्यंत रिकामा होतो. बहुतेक वेळ बसून, वळणाच्या आतल्या खड्या भागात उठून, आणि प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायचं असेल तेव्हा उठून, अशी मिसळ करावी लागते. आणखी लांब शर्यतींत उभं राहण्याचं कारणच बदलतं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकशी नातं असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. या वाटेवर एकूण चढ पन्नास हजार मीटरच्या वर जातो. एवढे दिवस सीटवर काढायचे तर कातडी सोलवटणं हा मोठा शत्रू असतो, आणि अशा शर्यतींत थोड्या थोड्या वेळाने उभं राहणं हे बैठकीला विसावा देण्यासाठी असतं.

आपल्या जिल्ह्याला लागू होणारी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही, ती म्हणजे ऊन. पायडलवर पडणाऱ्या प्रत्येक शंभर वॅटमागे शरीर तीनशे-चारशे वॅट उष्णता तयार करतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही. सपाटीवर वारा ती घेऊन जातो. चढावर वेग आठ-दहा किलोमीटरवर आला की वारा लागत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचा पारा बऱ्याचदा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी उभं राहून ठोके वाढवणं महागात पडतं. उन्हाळ्यात दुपारच्या चढावर हलका गिअर, बसलेली बैठक आणि गाठीला पाणी हाच माझा आग्रह आहे. गिअर नसेल तर उतरून लोटत नेणं यात कमीपणा नाही.

रस्त्याची जातही बघावी लागते. मुरमाच्या वाटेवर उठलं की अंगाचं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि जागीच गरगरतं. तिथे बसून, सीटच्या पुढच्या टोकावर सरकून, छाती हँडलकडे झुकवून दाबलेलं बरं. डांबरी रस्त्यावर गिअरची सायकल असेल तर उठण्याआधी एक गिअर जड करावा, नाहीतर पाय एकदम रिकामे फिरतात. एक पाय वर येऊन खाली निघत असतानाच उठावं. उठण्याच्या क्षणी पायडलवरचा दाब सुटला तर सायकल कणभर मागे राहते, आणि मागे चिकटून येणाऱ्याचं पुढचं चाक आपल्या मागच्या चाकाला लागतं. समूहात सायकल चालवणाऱ्यांच्या कितीतरी पडापडीचं मूळ हेच असतं.

बसूनच जड जातंय अशी तक्रार असेल तर आधी सीटची उंची पाहावी. पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवतात. त्यामुळे गुडघा पूर्ण उघडत नाही, वाटीवर ताण येतो आणि जोर अर्धवट पडतो. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, तेवढी सीट वर घ्या. ज्यांना वाटतं की चढावर उठल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांच्यातल्या काहींचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. काळ्या सायकलवर उभ्याने दाबणाऱ्यांनी कॉटर पिनकडेही लक्ष ठेवावं. क्रँक धुरीला जखडणारी ही पाचर अंगाच्या पूर्ण वजनाखाली झिजते, प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. तो ऐकू आला की दुकान गाठावं.

शेवटी एक मागणी, जी मला या सगळ्या गणितातून सर्वांत महत्त्वाची वाटते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अविकसित तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल घ्यायला अनुदान मिळतं, आणि यवतमाळ जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. त्यातून घेतलेल्या सायकली बहुधा साध्या, बिनगिअरच्या असतात. पंचेचाळीस किलोची मुलगी, अठरा किलोची सायकल आणि पाच किलोचं दप्तर धरलं, आणि वरचेच दाते आणि चाकं मानली, तर आठ टक्क्यांच्या चढावर तिला पायडलवर अठ्ठेचाळीस किलोपर्यंत जोर द्यावा लागतो. तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. पाठीवर दप्तर हिंदकळत असताना ओढणी सांभाळत उभं राहून दाबणं तिला जमेलच असं नाही, म्हणून ती उतरते. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ दात्यांचं बसवलं, तर हाच जोर चाळीसच्या खाली येतो आणि पाच टक्क्यांच्या चढावर तो बत्तीसवरून सव्वीसवर उतरतो. सपाटीवर तिचा वेग थोडा कमी होईल, पण शाळेच्या अंतराला त्याने फार फरक पडत नाही. फ्रीव्हील हा किरकोळ किमतीचा भाग आहे. तो बदलायला गल्लीतल्या सायकल दुकानदाराला फार वेळ लागत नाही, फक्त चेनमध्ये एखाद-दोन कड्या वाढवाव्या लागतात. डोंगराळ तालुक्यांसाठी या अनुदानाच्या अटींत ‘फ्रीव्हील २२ दाते’ एवढे शब्द घातले, तर सपाट तालुक्यातली मुलगी शाळेपर्यंत बसून जाते तशी घाटाखालच्या गावातली मुलगीही जाऊ शकेल.